सुनबाईचा नंबर

विजेचा इशारा मोबाईलवर मिळावा म्हणून गावात नोंदणी चालू होती. “माह्याजवळ मोबाईलच नाही, सुनबाईचा नंबर लिहा,” शेषराव म्हणाले आणि त्यांच्या सुनेने, काजलने अर्ज भरला. पंधरवड्याने भरदुपारी उंद्रीकडून आभाळ काळंभोर होऊन आलं. शेतात औत सोडून शेषरावांनी बैल हाकत नाल्याकाठच्या वाटेने घर गाठलं. दारातच बायकोने विचारलं, “काजल कुठी हाय? मोबाईलवर इजेचा मेसेज आलता, तुमाले बलवाले पांदीनं वावरात गेली.” शेषराव आल्या पावली पांदीच्या वाटेने धावले. बांधावरच्या चिरफाळलेल्या बाभळीखाली ती पडली होती. “ऊठ वं माय, मी घरी पोचलो,” म्हणत त्यांनी तिला गदागदा हलवलं. मग डोक्याचा रुमाल सोडून तिच्या तोंडावर पांघरला. तिच्या कमरेचा मोबाईल वाजला. बुलढाण्याहून मुलगा विचारत होता, “काजल, बाबा आले काय घरी?” “हाव बापू,” शेषराव म्हणाले, “मी आलो.”