डिफॉल्ट प्रिंटर

प्रिंटचं बटण दाबलं, तरी माझ्या टेबलावरचा प्रिंटर ढिम्म. खरखर ऐकू आली ती काचेपलीकडून, पॅकिंगमधून. सकाळी नव्या सॉफ्टवेअरला बारकोड प्रिंटर जोडताना मीच तो डिफॉल्ट करून ठेवला होता.

अन्न खात्याला लिहिलेली माझी तक्रार आता तिकडे, एकेका स्टिकरवर दोन-दोन ओळी अशी बाहेर पडत होती. 'मुदत संपलेल्या मसाल्याच्या पाकिटांवर मालक नवी तारीख चिकटवून घेतात...'

मी धावले. मालक माझ्याआधीच तिथे पोचले होते. "बारकोड आले का?"

पॅकिंगच्या हौसाबाईंनी निघालेली पट्टी नजरेखालून घालत गुंडाळली आणि पदराखाली सारली. "कसले येतायत, मालक! सगळं वेडंवाकडंच छापतंय."

"आधी हे नीट करा!" माझ्यावर डाफरून मालक निघून गेले.

मशीन थांबलं. पॅकिंगच्या सातही बायका माझ्याकडे बघत होत्या. हौसाबाईंनी पट्टी उलगडली आणि शेवटच्या स्टिकरवर, माझ्या नावावर बोट ठेवलं.

"ताई, याच्याखाली आमच्या सात सह्या मावतील एवढी जागा सोडा, आणि परत छापा."