गाडी काढायची आहे

झोळीची कडी करकरली आणि दयाचा हात दोरीवरच थबकला. झोळीत जराशी चुळबुळ झाली, मग पुन्हा सगळं शांत. नोहाला दात येत होते. चर्चमधल्या उपासनेहून परतल्यापासून रडून रडून आत्ता कुठं त्याचा डोळा लागला होता. दोरी सोडली की तो उठणार, हे ठरलेलं. तिनं पुन्हा झोका दिला, कडी वाजणार नाही इतकाच.

बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये कृपादान आणि त्याचे दोघे मित्र रविवारच्या उद्योगाला लागले होते. पाइप जोडून जोडून त्यांनी एक बुटकी गाडी उभी केली होती. पुढं दोन चाकं, मागं एक, मध्ये जुन्या मोटारीची सीट.

"कृपा, ब्रेक कुठाय रं हिला?" बिभीषण विचारत होता.

"पाय हायेत की तुला."

"आरं, आदी चालू तर दे. थांबायचं मागनं बघू," कल्याण म्हणाला.

"तू तर बोलूच नगं," बिभीषण त्याच्यावर उलटला. "तुझी जीप म्हंजी नवरदेव. मागं चार जण लागल्याबिगर जागची हलत न्हाई."

"आन तुझी आरएक्स फटफटी? आवाज आज येतो, गाडी उद्या!"

दया ओठ मिटून हसली, झोका न चुकवता. आठवडाभर साखर कारखान्यात मेकॅनिक म्हणून मान खाली घालून राबणारा नवरा रविवारी असा मोकळा खिदळायचा, ते ऐकायला तिला आवडायचं.

मग कुणीतरी किक मारली. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि बारीक शीळ घालत सुरू झालं.

दयाचं हसू तिथंच राहिलं. ती शीळ तिच्या कानातली होती. नोहा व्हायच्या आधी, राहुरीच्या दवाखान्यात ड्युटीवर जायला निघताना, रोज पहाटे अंगणात हीच शीळ वाजायची.

"अहो!" उठता येत नव्हतं. मोठ्यानं हाक मारता येत नव्हती. "अहो, ऐकलं का?"

बऱ्याच हाकांनी कृपादान दारात आला. हात काळे, तोंडभर हसू.

"ऐकलंस? कशी लागली बघ!"

"ते माझ्या स्कूटीचं इंजिन आहे?"

"मग कुनाचं? एक नंबर इंजिन हाय. उगं कोपऱ्यात पडून हुतं."

"मला उद्या ड्युटीवर जायचंय."

"तूच म्हनलीस की, आता गाडी काढायची हाय. न्हाईतर मी हात लावला असता व्हय?"

"काढायची म्हणजे बाहेर काढायची. चालवायला."

कृपादान तिच्याकडं बघत राहिला. मग त्याला ते उमगलं, आणि उमगल्याबरोबर हसू फुटलं. मागं वळून तो शेडकडं ओरडला, "आरं, ही चालवायला काढायची म्हनत हुती! मला वाटलं, मोडीत काढायची!"

बाहेर हशा उसळला. झोळी थरकली. दयानं दोरी घट्ट धरली.

"वहिनी, चूक तुमचीच!" कल्याणचा आवाज आला. "मेकॅनिकला काढायची म्हनल्यावर त्यो नटबोल्टापासनं काढनार!"

"परत बसवा ना," दया हळूच म्हणाली.

"कशात बसवू? तिचा सांगाडा कापून तर पुढचा भाग केलाय." तो आता हसत नव्हता. "मला वाटलं, तू एसटीनं जाशील."

"सात वाजता हजर व्हायला कुठली एसटी?"

"मी सोडीन की."

"तुमची पण पहिली पाळी असते."

"मग म्हैनाभर मुदत माग अजून."

"दोनदा मागितली. उद्या नाही आले तर दुसरी नर्स घेणार म्हणालेत. आई येतीय मिरजगावहून, याला सांभाळायला. बसलीसुद्धा असेल गाडीत."

कृपादान आत आला, काळे हात पाठीमागं धरून झोळीत वाकला आणि नोहाच्या कपाळाला नुसती हनुवटी टेकवली.

"बघू कायतरी," तो म्हणाला. "पुढं तुझंच नाव टाकलंय गं. बिभीषण म्हनत हुता, वाघ नायतर तुफान टाकू. मी म्हनलं, न्हाई. दया."

बाहेर हॉर्न वाजला. "कृपा, ये की! वहिनीनं धरून ठिवलाय का?"

तो गेला.

शीळ अंगणभर फिरली. एक चक्कर, आणखी एक. कुणी शिट्टी मारली, कुणी वळणावर "गेला, गेला!" म्हणून ओरडलं. दया बसून ऐकत होती. वळणावर इंजिन कुठं दबतं, कुठं उचलतं, ते तिच्या मनगटाला ठाऊक होतं. झोक्याची दोरी तिनं नकळत पिळली, आणि नोहानं कुशी बदलली.

थोरली ग्रेस धापा टाकत आत आली. गाल लाल, फ्रॉकला ग्रीसचे डाग.

"आई, पप्पा सगळ्यांना चक्कर देतायत! पहिला बिभीषणकाका, मग कल्याणकाका, मग मी!"

"श्श. हळू."

ग्रेसनं आवाज उतरवला आणि आईच्या गुडघ्याला बिलगली.

"गाडीवर तुझं नाव आहे. मी वाचलं, द... या." ती आईच्या तोंडाकडं बघू लागली. "तुझा नंबर कितवा?"