गंगीच्या गळ्यातला पट्टा

यंत्रातली टिकटिक मंदावली तसा भोजराज थांबला. हातातली अँटेना त्याने डावीकडे फिरवली, मग उजवीकडे. उजवीकडे आवाज वाढला.

"बसली आहे, सर," तो हळूच म्हणाला. "मान हलत असली की टिकटिक भराभर होते. आता संथ आहे. म्हणजे कुठेतरी सावलीला बसली आहे."

त्याच्यामागे नागपूरहून आलेले प्राध्यापक काट्यात अडकलेली पँट सोडवत होते. आंबागडच्या किल्ल्याखालच्या जंगलात दोघे सकाळपासून चालत होते. रानगव्यांच्या गळ्यात बिनतारी पट्टे बांधून त्यांच्या हालचाली दुरून नोंदवायच्या, हा भोजराजच्या प्रबंधाचा विषय. गव्याआधी गाय, असं प्राध्यापकांनी बजावलं होतं. म्हणून पावसाळा संपल्यापासून गावातल्या मारोतरावांच्या गंगीच्या गळ्यात पट्टा होता. आज यंत्राने गंगी शोधून दाखवली, तर वनखात्याकडे जाणाऱ्या अर्जावर प्राध्यापक सही करणार होते. नाही तर भोजराजला पुन्हा शहापूरच्या शाळेत भूमिती शिकवायला जावं लागणार होतं.

"तुमचं तिसरं प्रकरण वाचलं," प्राध्यापक म्हणाले. "ही गाय एक दिवस डोंगर चढते. दुसऱ्या दिवशी लंगडल्यासारखी मागे राहते. तिसऱ्या दिवशी जागची हलत नाही. असं का?"

"स्वभाव, सर. एकाच जनावरात इतके स्वभाव असतात, हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही."

"नाही," प्राध्यापक म्हणाले. "कुणीच नाही."

झाडी विरळ झाली तिथे गावची गुरं चरत होती. सगळ्यांत पुढे गंगीच होती. पांढरी, एक शिंग खाली वळलेलं. तिने भोजराजकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. तिचा गळा मोकळा होता.

भोजराजने अँटेना तिच्यावर रोखली. आवाज पडला. त्याने अँटेना तिच्या शेपटीच्या बाजूने पुढे सरकवली. आवाज चढत गेला आणि बोडीच्या, म्हणजे गुरांच्या छोट्या तळ्याच्या दिशेला यंत्र खणखणीत बोलू लागलं. बोडीच्या पाण्यात एक म्हैस डोळे मिटून बसली होती. पट्टा तिच्या गळ्यात होता.

"ही गंगी?" प्राध्यापकांनी विचारलं.

पळसाखाली गावचा गुराखी डोमा फडक्यातला भात खात होता. त्याने हात धुतला आणि उठून रामराम केला.

"डोमा, पट्टा म्हशीला कुणी बांधला?" भोजराजने विचारलं.

"मीनं बांधला जी. आज बायजाबाईची बारी आहे."

"कसली बारी?"

"तुमीच त सांगतलं, पट्टा असला का जनावर हरपत नाही. मंग लोक म्हणाले, मारोतरावाचीच गाय काहून? आमच्या ढोराईले का वाघानं न्यावं? मीनं म्हटलं, बराबर आहे. मी रोज एकेका घरी जेवतो, तसाच पट्टा लावून देतो. सकाळी आखरावर ढोरं जमली का ज्याची बारी, त्याच्या ढोराच्या गळ्यात."

"पण तो उघडलास कसा?"

"तुमीच पाना देऊन गेले ना. गळा घासला त ढिला करजो म्हणून."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमच्याकडे ढोर नाही, साहेब," डोमा म्हणाला. "तुमची बारी कुठून येईन?"

भोजराज बूट काढून पाण्यात उतरला. तेवढ्यात बांधावरून बायजाबाई आली. तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता. तिने तो खाली टाकला.

"हात नोको लावू, बाबू. दिवस नाही बुडाला अजून. मारोतरावाच्या गाईले सांजवरी, अन् माह्या म्हशीले दुपारवरीच?"

भोजराजने प्राध्यापकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. तो पाण्याबाहेर आला आणि बांधावर बसला. यंत्र त्याच्या मांडीवर संथ टिकटिकत राहिलं.

"काय म्हणते हे?" बायजाबाईने विचारलं.

"म्हैस बसली आहे म्हणतं."

बायजाबाईने म्हशीकडे पाहिलं. "ते त मलेबी दिसून राहिलं."

प्राध्यापकांनी यंत्र भोजराजच्या मांडीवरून उचललं. बोडीकडे पाठ करून ते उभे राहिले आणि त्यांनी यंत्र कानाशी धरलं. बराच वेळ ते तसेच उभे होते.

"आता उठली," ते म्हणाले. "मान झटकते आहे. थांबली. पुन्हा झटकली."

पाण्यात म्हैस उभी होती आणि माश्या हाकलत होती.

"यंत्र खरं बोलतं," प्राध्यापक म्हणाले. "तिसरं प्रकरण फाडून टाका. ती एक गाय नाही, अख्खं गाव आहे. अर्ज काढा. रानगव्यांना गुराखी नसतो."

भोजराजने पिशवीतून अर्ज काढला. टेकवायला काही नव्हतं, म्हणून तो ओणवा झाला. प्राध्यापकांनी त्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली.

डोमा हे लक्ष देऊन पाहत होता.

"साहेब, गव्याईचा कळप केवढा रायते?"

"असतील वीस-पंचवीस," भोजराज ओणव्यानेच म्हणाला.

"अन् पट्टे?"

"सध्या एकच."

डोमाने किल्ल्याखालच्या दाट जंगलाकडे पाहिलं.

"मंग भांडणं होतीन जी," तो म्हणाला.