आकृती सात

पडवीत तीन वस्तू होत्या: धनेशचा लॅपटॉप, आईचं फाटलेलं जाळं आणि ते सांधायचं दोऱ्याचं रीळ. धनेशला जन्मापासून दिसत नव्हतं, तरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणारा देवबागचा तो पहिलाच. लॅपटॉप त्याला पुस्तक तिप्पट वेगाने वाचून दाखवायचा. "ह्येच्या पाठीक वाघ लागलो काय रे?" आईने विचारलं. तेवढ्यात लॅपटॉप म्हणाला, "वक्र दोन्हीकडे सारखा उतरतो. आकृती सात पाहा. वर्णन उपलब्ध नाही." धनेशने वाचन थांबवलं. उद्या परीक्षा होती आणि सगळा धडा याच आकृतीवर उभा. "आये, पडद्यार रेघ कशी आसा?" "हळूहळू चढता नि उतरता." "तुझो दोरो तिच्यार चिकटव." आईने दोरा रेघेवर नेमका बसवून चिकटपट्टी लावली. धनेशने बोट फिरवलं, मग शिखरापासून दोन्ही उतार बोटांनी मोजले. डावीकडे चार बोटं, उजवीकडे चार बोटं.