वर्षाला साठ पौर्णिमा

"आज पौर्णिमा हाय, लेकरांनो. पाणी प्या न् निजा."

तेर गावच्या भीमनगरात, पत्र्याच्या खोलीत, प्रसेनजितनं लहानपणी हा आवाज कितीदा ऐकला होता. पौर्णिमेला उपोसथ धरायचा, दुपार कलली की अन्नाला शिवायचं नाही, एवढं त्याला कळायच्या आधीच पाठ झालं होतं. आई रोजगार हमीवर खडी फोडायची. काम बंद पडलं की घरात पौर्णिमा यायची. कधी महिन्यात चार, कधी पाच.

आता भूमच्या घरात, उन्हं अजून भिंतीवर असताना, त्याच आईनं, केशरबाईनं, तोंडापुढचा चमचा मनगटानं लोटला आणि तेच म्हणाली.

"आज पौर्णिमा हाय."

"आत्याबाई, पौर्णिमा कवाच होऊन गेली," सून गौरी म्हणाली. वाटीत ताकातल्या ज्वारीच्या कण्या होत्या, पातळ, कोमट. "दोन घास घ्या. डॉक्टर काय म्हणले, ऐकलं न्हवं?"

डॉक्टर म्हणाले होते, पोटात काही गेलं तर माणूस राहील. नाकातली नळी केशरबाईनं दवाखान्यातच उपसून टाकली होती. घरी आणल्यापासून नुसतं पाणी.

"लेकरायला दे ते," ती म्हणाली आणि ओठ मिटले.

प्रसेनजितनं खुर्ची खाटेजवळ ओढली. एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक तो, पण डेपोत त्याची ओळख गप्पांसाठी. लहानपणाच्या गोष्टी सांगायला लागला की माणसं हातातले पाने-हातोडे खाली ठेवून हसायची. माय हसली तर तोंड उघडेल, तोंड उघडलं तर घास जाईल, असा त्याचा हिशेब.

"माय, काडीपेटीतली काडी तू ब्लेडनं उभी चिरायचीस, आठवतं का? एकीच्या दोन. अन् चहाची उकळलेली पावडर पत्र्यावर वाळत घालायचीस. एकदा शेजारच्या कोंबडीनं खाल्ली, तर म्हणलीस, आता हिला झोप यायची न्हाय, रातभर अंडी घालंल."

दाराशी उभी असलेली श्रावस्ती, त्याची लेक, फसकन हसली. "पप्पा, तुमचं ऐकलं ना, की वाटतं गरिबी म्हणजे सहलच होती."

"व्हतीच की. लोकांच्या घरी वर्षाला बारा पौर्णिमा. आमच्या घरी साठ."

या वाक्याला डेपोत हमखास हशा असायचा. गौरी हसली नाही. तिनं वाटीतला चमचा उगाच फिरवला आणि हळू म्हणाली, "तुम्ही समदं सांगता. कोंबडी सांगता, काडी सांगता. पोटाचं कधी सांगत न्हाई."

तो काही बोलणार, तेवढ्यात केशरबाईनं डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं, पण त्याच्या पिकल्या मिशा तिला दिसल्या नसाव्यात. लहानपणीच्या नावानंच तिनं हाक दिली.

"परसू, भूक लागली का रं?"

"न्हाय, माय. पोट भरलंय."

उत्तर त्याच्या तोंडून आपसूक गेलं. विचारलं की हे म्हणायचं, असं जिभेला वळण पडलेलं. केशरबाईचा चेहरा निवला.

"शाना हाय माझा परसू. कधी भूक म्हणला न्हाय." तिनं मान भिंतीकडं वळवली. "ते सुगतला ठिवा. ते बारकं लई रडतं."

सुगत, त्याचा पाठचा भाऊ, वाळून काटकी झाला होता. आलेल्या पहिल्याच गोवरात गेला, अजून नीट बोलतही नव्हता तेव्हा. श्रावस्तीला हे नाव नुसतं ऐकून ठाऊक. तिचं हसू ओठांवरच विझलं.

गौरीनं वाटी स्टुलावर ठेवली आणि पदराची कड दातात धरली.

प्रसेनजित खुर्चीवरून उठला. खाटेपाशी खाली बसला, तसा तो मायच्या उशाशी आला, तिच्या हाताच्या उंचीला.

"माय," तो म्हणाला, "मला भूक लागलीय."

केशरबाई वळली. कोपर टेकवून उठायला बघू लागली. गौरीनं पाठीला हात दिला. केशरबाईनं चाचपडत स्टुलावरची वाटी ओढली, चमचा बाजूला सारला, आणि पाचही बोटांनी कण्यांचा घास गोळा केला. ताक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. घास त्याच्या तोंडाशी आला.

त्यानं खाल्ला. मग तिचा हात धरून तिच्याच तोंडाकडं वळवला. "आता एक तू घी."

"तू खा," ती म्हणाली. "मला पौर्णिमा हाय."

हात सोडवून तिनं दुसरा घास केला. मग तिसरा. मिटल्या ओठांनी ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, तो चावतो तसा तिचा जबडा रिकामाच हलत राहिला. गौरी म्हणाली, "अहो, पुरं करा, त्यांच्यासाठी केलंय." त्याला तोंड मिटता आलं नाही. वाटीचा तळ दिसायला लागला. बोटं तळावर फिरली, उरलेलं निपटून पुन्हा त्याच्याकडं आली.

घास तोंडातच धरून, रडू न गिळता, प्रसेनजित म्हणाला,

"तवाबी लागायची, माय. रोज लागायची."