करडा रंग

अंबरनाथच्या कार्टून स्टुडिओत खंडेनवमीची पूजा मांडली होती. पाटावर चित्रं रंगवणाऱ्या बायकांचे ब्रश आणि शेजारी झेंडूचा हार घातलेला नवा कॉम्प्युटर. फिल्म माणूस आणि यंत्राच्या लढाईची. त्यातली माणसं कुमुदताई रंगवत. “आज हत्यारांना सुट्टी असते, साहेब, तो तरी बंद करा,” त्या म्हणाल्या. “त्याला कसली सुट्टी?” साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावरच्या चित्रातलं राक्षसी यंत्र क्षणात करड्या रंगाने भरलं. पण यंत्राच्या कडेची एक रेघ जुळलेली नव्हती. रंग तिथून निसटला, चित्रात यंत्रासमोर उभ्या असलेल्या मुलीच्या हातावर चढला, गळ्यापर्यंत गेला, डोळ्यांत शिरला.  सवयीने कुमुदताईंचा हात ब्रशकडे गेला, पण पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं कसं? “उद्या तिचा चेहरा मी नीट करते,” त्या घाईने म्हणाल्या. साहेबांनी मानही वळवली नाही. “ताई, ब्रश आता पूजेतच राहू द्या.”