डाव्या हाताची वेल

"पलंग घ्यायचाय, की नुसता बघायचाय?" सेल्समनने विचारलं.

दत्ताराम मेस्त्री खाली वाकून पलंगाच्या पायाचा सांधा बघत होते. वरून शिसवीच्या रंगाचा सनमायका, आत प्लायवूड आणि सांध्यात खिळे. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले.

"मुलीचं लग्न आहे," सहदेवने ठोकून दिलं. "अजून दोन दुकानं बघतो, मग सांगतो."

घाटकोपरमधलं हे चौथं दुकान. सहदेव त्यांच्याच गावचा. संपात गिरणी सुटल्यापासून तो एका सोसायटीत वॉचमन होता. मेस्त्री त्याच्याकडेच उतरले होते, आणि रजा टाकून तो त्यांना फर्निचरची दुकानं दाखवत हिंडत होता.

"अहो मेस्त्री, पत्ता नाही, फोन नाही," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "एवढ्या मुंबईत तुमचा भाऊ सापडायचा कसा?"

"त्याचो हात मी वळखतलंय," मेस्त्री म्हणाले.

एकोणीस वर्षांपूर्वी गावच्या देवळाच्या नव्या पालखीचं काम दोघा भावांकडे आलं होतं. दत्तारामांनी दांडा आणि चौकट करायची, धाकट्या जयवंतने नक्षी. वर मढवायला आलेला चांदीचा पत्रा मेस्त्रींच्या घरीच ठेवलेला होता. एका सकाळी त्यातला निम्मा नाहीसा झाला. दत्तारामांनी देवळाच्या आवारात, साऱ्या गावासमोर, भावाला चोर ठरवलं. जयवंत मान खाली घालून उभा राहिला. दुपारच्या एसटीने तो मुंबईला गेला, तो गेलाच.

आणि या श्रावणात जानकीने, मेस्त्रींच्या बायकोने, अंथरुणावरून सांगितलं होतं, "चांदी मी काढलंय. भावोजींचो काय एक दोष नाय."

दुसऱ्या दिवशी सहदेवने त्यांना बसने अंधेरीला नेलं. तिथली गॅलरी थंडगार होती. कोरीव झोपाळे, आरसे, नक्षीची कपाटं. मेस्त्री एकेका वस्तूवरून अंगठा फिरवत चालले होते. एका झोपाळ्याच्या पाठीशी ते थांबले. वेलीच्या पानावरून अंगठा एकदा खाली नेला, मग वर आणला. पटाशीचे घाव उलट्या बाजूने पडले होते. घरात डावखुरा एकटा जयवंतच होता.

"ह्यां कोणी केलां?"

"पार्ल्याचे मेस्त्री आहेत," मालक म्हणाला. "त्यांची स्वतःची छोटी गॅलरी आहे स्टेशनजवळ. पण काका, ते घाईचं काम घेत नाहीत हां."

पार्ल्याला सहदेव बाहेरच थांबला. "तुम्ही दोघं बोला. मी चहा मारून येतो."

गॅलरी एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर होती. आत एक पांढऱ्या केसांचा माणूस चष्मा कपाळावर सरकवून देव्हाऱ्याच्या खांबाला पॉलिश लावत होता. डाव्या हाताने. त्याने वर पाहिलं आणि हातातला बोळा खाली ठेवला.

"दादा?"

"कसो आसस, जयवंत?"

जयवंत पाया पडला. मग तो भावाला गॅलरी दाखवत सुटला. हा चौरंग, ही शिसवी पेटी, हा देव्हारा दादरच्या एका डॉक्टरांचा. मेस्त्री बघत राहिले. असं काम त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं. दोघांनी मिळून केलं असतं तर काय झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

"तुका शोधूक इलंय," ते म्हणाले. "माफी मागूक."

"माफी? तू? कसली?"

मेस्त्रींनी त्याला देव्हाऱ्याजवळच्या स्टुलावर बसवलं. स्वतः उभेच राहिले. जानकी काय म्हणाली ते सांगितलं. चांदी तिने काढली, माहेरच्या अडचणीला दिली, आणि आळ भावावर आला.

"वहिनी असं म्हणाली?" जयवंतने विचारलं.

"सोताच्या तोंडान."

जयवंतने पॉलिशचा बोळा उचलला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाला, "ती कुठाय? तिला का नाही घेऊन आलास?"

"ती गेली. गणपतीच्या आधी."

जयवंतने चष्मा काढून हातात घेतला.

"त्या दिसापासून मी तिच्याशी बोलाक नाय," मेस्त्री म्हणाले. "अकरा दिस. ती आतल्या खोलीत होती. मी पडवीत जेवलंय, पडवीत निजलंय. शेवटाक तिच्या तोंडात पाणी घातलां तांसुद्धा शेजारणीन. ती हाक मारी. माफ करा म्हणान नाय हां. मुंबैक जावा, भावोजींक घेवन येवा, इतक्यांच. मी वळान बघूक नाय." त्यांनी नाक पुसलं. "पण माका त्याचां काय वाटणा नाय. माझ्या भावाची एकोणीस वर्सां तिना खाल्ल्यान. तुझ्यापुढे माझी मान खाली, तिच्यापुढे नाय."

बाहेरून सहदेवने डोकावून पाहिलं आणि तो परत मागे झाला.

जयवंत स्टुलावरून उठला. मग त्याने मोठ्या भावाचे दोन्ही हात धरले आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

"दादा," तो म्हणाला, "चांदी मीच नेली होती. वहिनीने मला नेताना पाहिलं होतं."